बुधवारचा भोंगा

नाही नाही, लॅपटॉप राहू दे तसाच उघडा, तुषारबाब, तुमचं ते बटण कुठे पळून जात नाही. आधी चहा घ्या. सोबत उंडो आहे, पाववाला पोदेर आत्ताच देऊन गेला, कडक आहे म्हणून चहात बुडवायचा. आणि दुपारी जेवूनच जायचं, हं — बांगड्यांचं हुमण केलंय मीच, मीठ जरा हात सुटून पडलंय, पण खाता येईल. नुस्तं नको? मासळी नको? का? अहो, श्रावण गेला, चवथ झाली, आणि आज बुधवार, बुधवारी कुठला देव काय म्हणतो? — बरं, बरं, कारण नंतर सांगा, मला मध्ये तोडू नका, मी एकदा तुटलो की परत जोडायला तारा लागते आणि तारा घरात नाही. माहेरी गेलीय, हळर्णला. सहज. बायका जातात की. ती नसली की या घरात सकाळ कधी आणि संध्याकाळ कधी तेच कळत नाही, मी आपला या बाल्कांवात कट्ट्यावर बसून पुण्याच्या कंपनीची सेवा करतो.

तर तुमचं म्हणणं काय, मी पुन्हा सांगतो, चुकलो तर थांबवा — नको, थांबवू नका, चुकत नाही मी. समोर तो तांबडा मातीचा बांध दिसतो? त्याच्या पलीकडे खाणीचा खड्डा. खाण बंद पडली, मालक गेले, ट्रक गेले, खड्डा तेवढा आम्हाला ठेवून गेले, आणि पाऊस तो भरतो. पाणी उपसायला पंप, पंप चालवायला प्रोग्राम — अर्धा मी लिहिलेला, अर्धा तुमच्या मंडळींनी, तो पाण्याची उंची मोजणारा. पाणी चढलं तर भोंगा. प्रोग्राम बंद पडला तरी भोंगा. भोंगा वाजला की बांधाखालच्या वाड्यानं घरं सोडायची आणि वर देवळाकडे चढायचं. गेल्या महिन्यात तो इतक्यांदा वाजला की लोकांनी देवळात चटया नेऊनच ठेवल्या, आणि दरवेळी पाणी बघितलं तर आपलं खाली शांत पडलेलं. प्रोग्राम पडत होता नुसता. आणि म्हणून तुम्ही एवढ्या लांबून आलात — प्रोग्राम सुधारायला? छे छे! भोंगा गप्प करायला. पुढच्या आठवड्यात सरकारी माणसं पाहणीला येणार, त्यांच्यासमोर वाजला तर कंपनीची लाज जायची. बरोबर आहे तुमचं. लाज जपायला हवी, माणसं काय, वाड्यावर पुष्कळ आहेत.

आता तो पडतो का? तुमच्या अहवालात लिहिलंय, ‘चिप अतिसंवेदनशील आहे.’ वा! ती चिप बिचारी करते काय? प्रोग्राम एका कामातून दुसऱ्या कामात शिरतो तेव्हा परत कुठे यायचं, तो पत्ता मागे ठेवून जातो. चिप त्या पत्त्यावर आपली गुप्त मोहर मारते, आणि परतताना ती तपासते. मधल्या वेळात कोणी पत्ता बदलला असेल — चोरानं म्हणा, नाहीतर पाणी मोजणाऱ्या मापकानं नको तेवढा लांब आकडा पाठवून त्यावर चिखल केला म्हणा — तर मोहर जुळत नाही, आणि चिप प्रोग्रामला तिथल्या तिथे पाडते. भलत्याच जागी जाऊन पंप बंद करायचा आणि वर ‘सगळं ठीक’ असं दाखवत बसायचं, त्यापेक्षा पडलेला बरा, नाही का? पडला की भोंगा, भोंगा झाला की माणसं जागी. आणि एखाद्या जुन्यापुराण्या प्रोग्रामला ही तपासणी झेपत नसेल, तर त्याचीही सोय आहे — कर्नल! सगळ्या यंत्राचा कारभारी. त्याच्याकडे जाऊन सांगायचं, बाबा, माझ्या मोहरा तपासू नको. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, ऐकलंय कधी? एक जण पुढे उभा राहून म्हणतो, देवा म्हाराजा, अमक्याचं असं असं कर, आणि बाकीचे मागून ओरडतात, व्हय म्हाराजा! कर्नलचंही तेच. का, कशाला, काही विचारणार नाही. प्रोग्रामनं मागितलं, हा म्हणतो व्हय म्हाराजा. मागणाऱ्याला अक्कल हवी, ती कर्नलनं कुठून आणून द्यायची?

तर मागायचं ते सुरुवातीलाच मागून घ्यायचं, घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी. तुमच्या शहाण्यांनी मध्येच मागितलं! मापकाचा संपर्क तुटून परत जुळला की यांचं गाऱ्हाणं सुरू. पत्त्यावर मोहर मारून झालेली, वाटेत कर्नलला सांगितलं, तपासणी बंद — व्हय म्हाराजा! — आपलं काय ते उरकलं, आणि निघाले परत. आता मोहर तपासणारा आणि ती काढणारा एकच, त्यालाच झोपवलेला. मोहरेसकट पत्ता घेऊन प्रोग्राम परत निघाला, तसली जागा यंत्रात कुठेच नाही, धाडकन पडला. भोंगा! आणि दोष चिपचा! आणि उपाय काय काढलात, तर ते मधलं मागणं काढायचं नाही, कारण ज्यानं लिहिलं तो नोकरी सोडून गेला आणि बाकी कोणाला त्यात हात घालायची भीती वाटते. त्यापेक्षा सुरुवातीलाच सगळ्या मोहरा बंद, कायमच्या. मग खरंच कोणी पत्ता बिघडवला तरी कळायचं नाही, प्रोग्राम भलतीकडे जाईल आणि भोंगा गप्प. आणि बटण दाबायचं मी, कारण जबाबदार म्हणून नाव माझं आहे. किती माया बघा तुमची माझ्यावर!

हसू नका. ते खाली, बांधाला लागून, निळ्या दाराचं घर दिसतं? ते यशोदामावशीचं. नात्याची नव्हे — सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आली, खाण बंद पडली तरी राहिली, मला लहानपणी हिनंच कडेवर घेऊन फिरवलं. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेऊन धावत आली. मग टोपली न घेता आली. मग धावायची सोडून चालत आली. आणि शेवटच्या खेपेला आलीच नाही. मी गेलो बघायला, तर दार लावून चुलीपुढे बसलेली. म्हणते, “गौरेशा, तुझो भोंगो वाजतलो तितक्यांदा मियां धावाचा काय रे? आता मेलंय तरी उठूचंय नाय.” काय सांगू तिला? पुण्याच्या माणसांनी वाटेत गाऱ्हाणं घातलं म्हणून? म्हटलं, मावशे, भिऊ नको, प्रोग्राम माझा आहे. सगळ्या वाड्याला मी तेच सांगतो, आणि ऐकतात लोक, कॉम्प्युटर शिकलेला घरचा माणूस ना मी! — काय? मग तारा माहेरी का? सांगितलं ना, सहज. आता असं तोंड करून बघू नका, चवथीच्या तोंडावर कोण बाई सहज माहेरी जाते म्हणून. गेली. गणपतीवरची माटोळी मी एकट्यानं बांधली, अर्धी फळं आरतीच्या वेळी डोक्यावर पडली. — पाठवली! मीच पाठवली, तिला आणि चेडवाला, आमच्या पोरीला. हे घर जरा वर आहे, पण बांधाखालीच ना? वाड्याला म्हणतो भिऊ नका आणि माझी माणसं नेऊन ठेवली हळर्णला. झालं समाधान? घाला अहवालात.

आणि आणखी एक घाला. या दोन-तीन दिवसांत भोंगा वाजलाय? नाही ना? तुमचं ते मधलं गाऱ्हाणं मी उपटून टाकलं. कोणाला विचारलं नाही. नोकरीवरून काढायचं असेल तर काढा, हुमण खाऊन मग काढा. मोहरा सगळ्या चालू आहेत, पंप चालू आहे, आणि उगीच वाजायचं कारणच उरलेलं नाही. आता वाजेल तो खरा — बुधवारी सकाळचा तेवढा सोडून. तो चाचणीचा, वाड्याला ठाऊक आहे, बुधवारी कोणी चुलीपुढून उठतही नाही. तेव्हा बटण मी दाबत नाही. तुम्ही देवा म्हाराजा म्हणा, शंभरदा म्हणा, हा गौरेश काही व्हय म्हणायचा नाही.

अरे! अरे, बसा! वाजला तर वाजला! अहो, चहा सांडला, चपला राहिल्या तुमच्या — वा, तुषारबाब, वा! ‘भोंग्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही’ असं लिहिणारा माणूस सगळ्यांच्या आधी फाटकाशी! या वर, या, मी काय हसणार नाही — हसतोय, पण या. आत्ताच सांगितलं ना, आज बुधवार, चाचणी आहे. तो वाड्यावर बघा, एक तरी माणूस —

बाहेर आलीत. सगळी बाहेर आलीत.

काय म्हणताय? मोठ्यानं बोला, भोंग्यात ऐकू येत नाही. मघाशी नुस्तं नको म्हणालात ते — कशाला? मंगळवार म्हणून?

आज मंगळवार?

निळं दार बंद आहे. तुषारबाब, फाटक सोडा. बाजूला व्हा, सोडा म्हणतो ना! मावशे! गे मावशे, खरो आसा, आजचो खरो आसा गे —