बाराव्या बोल्टची सही

आई : भंतेजींना फोन लाव म्हणून दोनदा सांगितलं, लुंबे. उद्या जलदान विधी हाय. बाप जाऊन चार दिवस झाले, तू रडली बी न्हाईस. नुसती घड्याळाकडं बघून राहिलीस.

लुंबिनी : तीन वाजता आमचं यंत्र टेबलावर चढणार आहे. बंगळूरला.

आई : उपग्रहात बसवायचं ते? चढू दे की. तो जपानी केंजीसाहेब हाय, इटलीची ती चिआरा हाय. तुझ्यावाचून अडलंय व्हय?

लुंबिनी : ते टेबल यंत्राला गदागदा हलवतं, आई. उडताना रॉकेट हलवतं तसं. आत काही सैल राहिलं असेल तर निखळून सगळ्याचा चुरा करतं. तीन देशांचं आठ वर्षांचं काम आहे ते.

आई : सैल कशाला राहील? तूच आवळलंस न्हवं?

लुंबिनी : तेच आठवत नाही.

आई : म्हंजी?

लुंबिनी : अठरा बोल्ट होते. एकानं पाना फिरवायचा, दुसऱ्यानं शेजारी उभं राहून बघायचं, मग कागदावर त्या बोल्टपुढं दोघांच्या सह्या. अकरा झाले आणि काच वाजली. आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून कुणीतरी चिठ्ठी काचेला धरली होती. 'लुंबिनी, घरी फोन कर. वडील.' चिआरा विचारायला दाराकडं गेली. मी पाना बाराव्यावर ठेवला होता. पुढचं आठवतं ते एकदम विमानतळ.

आई : अन् कागद?

लुंबिनी : त्याचा फोटो मागवून बघितला. बाराव्यापुढं माझी सही आहे. चिआराचीही आहे. तिनं बघितलंच नव्हतं. मला लवकर सोडावं म्हणून केली असणार. उरलेले सहा दुसऱ्यांनी आवळले, वर झाकण लागलं.

आई : मग सांगून टाक.

लुंबिनी : न बघता सही केली म्हणून तिला कामावरून काढतील. मलाही. आणि बोल्ट कदाचित घट्टच असेल.

आई : तुझ्या बापानं बी हेच म्हणलं होतं. कदाचित.

लुंबिनी : कधी?

आई : धर्माबादला लाइनमन होता तवा. वीरेशमामा पोलावर चढायचा होता. लाइन बंद हाय का, ते ह्यानं स्वतः जाऊन बघायचं. दुसऱ्याच्या तोंडी इचारलं, कदाचित बंदच असंल असं धरलं, अन् म्हणला, हाव, बंद हाय, चढ. वीरेशनं बी तारेवर अर्थिंगची साखळी टाकायचा नेम मोडला, तसाच चढला. खाली उतरल्यावर कळलं, लाइन बंद झाली ती तो अर्ध्या पोलावर असताना.

लुंबिनी : काही झालं नाही ना पण?

आई : काय बी न्हाई. कुणाला पत्ता बी न्हवता. दोन दिवस जेवला न्हाई तुझा बाप. तिसऱ्या दिवशी साहेबाकडं निघाला, दारातनं दोनदा माघारी आला. लई भित्रा होता. दोघंबी सस्पेंड झाले. वीरेश म्हणला, आला मोठा हरिश्चंद्र.

लुंबिनी : मग माफ केलं मामांनी?

आई : न्हाई. तुझ्या बापाला खांदा द्यायला आला. माझ्याशी बोलला न्हाई.

लुंबिनी : हे मला कुणी सांगितलं नाही.

आई : मिरवायचं काय त्यात? बारा वाजून गेले बघ.

लुंबिनी : आधी चिआराला सांगते.

(लुंबिनी फोन लावते. बोलणं इंग्रजीतून.)

लुंबिनी : चिआरा, बारावा बोल्ट मी आवळला की नाही, मला आठवत नाही. मी केंजींना सांगणार आहे.

चिआरा : तुझे वडील गेलेत, लुंबिनी. अशा वेळी कुणाला काय आठवतं? घट्टच असेल तो.

लुंबिनी : तू बघितलं होतंस?

चिआरा : हे मला का विचारतेस?

लुंबिनी : तुझं नाव येणार. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.

चिआरा : मला विचारू नकोस. विचारलंस तर मी गप्प बस म्हणेन. ठेव फोन. आणि सांगायचंच असेल तर आत्ता सांग. मी तुला परत फोन करायच्या आत.

आई : काय म्हणली ग?

लुंबिनी : लवकर कर म्हणाली.

आई : मग लाव की. मी चहाचं बघते.

लुंबिनी : चहा नको. तू इथंच बस जरा.