दोन पाय करून द्या

नाही हो मास्तर, हा स्कर्ट माझा नाही — माझ्या कमरेला दोनदा गुंडाळला तरी उरेल — ह्यांचा आहे. माझ्या नवऱ्याचा. हो, तेच, कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान. आता असे चमकू नका, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तुम्हाला नसेल होय? तर हा मधून कापायचा आणि दोन पाय करून द्यायचे. बघणाऱ्याला सैल पायजमा वाटला पाहिजे. जमेल ना? घेर भरपूर आहे. रविवारच्या आत हवा — लेकीचे सासू-सासरे जेवायला येणार आहेत. मी इथे दाराशी बसते, रस्त्याकडे तोंड करून. राग मानू नका, असलं काही समोरासमोर बोलायला जड जातं.

सुरुवात कशी झाली म्हणाल — नाही विचारलंत, पण सांगते — प्लॅस्टरपासून. दुकानात हे शिडीवरून पडले, नडगी मोडली, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर. पँट चढेना. मग मीच म्हटलं, घाला माझा गाउन, घरात कोण बघतंय? मीच हो! माझ्या हाताने डोक्यावरून घातला, आणि दोघं इतके हसलो की ह्यांना ठसका लागला. पुढे प्लॅस्टर निघालं, गाउन निघेना. म्हणजे माझा परत दिला — धुऊन, घडी घालून — आणि स्वतः बाजारात जाऊन स्कर्ट घेऊन आले. लांब, गडद रंगाचा, साधा. घरात घालतील म्हणून मी गप्प बसले. तर एका सकाळी बघते काय — वर इस्त्रीचा शर्ट, खाली हा, आणि निघाले दुकानात! मी दारात आडवी. म्हटलं, "अहो, लोक काय म्हणतील?" तर म्हणे, "म्हणू देत. नंबर तपासायला माझ्याकडेच येतात ना?"

काउंटरमागे बसलेले असतात तोवर काही नाही. उठले की पंचाईत. एका आजोबांनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा स्वच्छ काय दिसलं, तर आमच्या ह्यांचा स्कर्ट! त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला — हसा, हसा, मीही हसले होते. पण नंतर समोरच्या बाईंनी आपला चष्मा दुसऱ्या दुकानात करायला टाकला, तेव्हा नाही हसले.

का, का घालता, म्हणून कितीदा विचारलं. "बरं वाटतं." बस, एवढंच. आता ह्याच्यावर माणसाने बोलायचं तरी काय? दारू असती तर सोडवली असती, आजार असता तर गोळ्या दिल्या असत्या. डॉक्टरकडेही नेलं. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, म्हणाले, ह्यांना काही झालेलं नाही, पण तुमचं बीपी वाढलंय. घ्या! आणि बाईसारखं वागतात म्हणावं तर तेही नाही — दाढी तीच, घोरणं तेच, ओला टॉवेल पलंगावर टाकणं तेच. माझाच नवरा आहे, फक्त — फक्त काय, ते मलाही नाही सांगता येत.

एक सांगू? कुणाजवळ बोलू नका. गुणगुणतात हो आता. दाढी करताना, चहा टाकताना. इतकी वर्षं संसार केला, ह्यांना सूर आहे हे मला माहीत नव्हतं. आणि भाजी आणायला माझ्याबरोबर येतात. आधी कधी आलेच तर दहा पावलं पुढे, तरातरा, जशी मी कुणी परकीच. आता पिशवी धरून शेजारून चालतात, कांदे बघतात, काहीबाही बोलत राहतात. आणि आता मीच मागे राहते, मास्तर. चपलेचा पट्टा नीट करायला वाकते, आणि ते जरा पुढे गेले की मग उठते. त्यांना कळतं. थांबून मागे बघतात, आणि परत चालायला लागतात.

त्यात परवा लेकीचा फोन. "आई, रविवारी बाबांना जरा माणसासारखं बसव." माणसासारखं! ज्या बापाने हिला खांद्यावर बसवून गावभर फिरवलं! झापायला नको होतं मी? पण तोंडातून आलं काय, तर "बघते." काय करणार, तिलाही तिथे नांदायचंय.

मग काल जेवण झाल्यावर ह्यांना सांगितलं. वाटलं, चिडतील, ताट आपटतील. मला तेच हवं होतं हो — भांडले असते तर मी जिंकले तरी असते. पण उठले, कपाटातून जुनी पँट काढली, चढवली आणि खुर्चीच्या कडेवर बसले, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत बसतात ना, तसे. "ठीक दिसतोय ना?" मला विचारलं. त्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मीच हे दोन पायांचं काढलं — म्हटलं तुमचंही राहील, लेकीचंही राहील. लगेच हो म्हणाले. स्कर्ट स्वतः धुतला, स्वतः इस्त्री केली, माझ्या पिशवीत ठेवला. "आतला खिसा तेवढा ठेवायला सांग मास्तरांना," म्हणाले, "मी शिवलाय." बघा ना, टाके कसे वाकडेतिकडे आलेत. आज सकाळी दाढी केली, चहा टाकला — घरात नुसता नळाचा आवाज.

मास्तर, राहू द्या. नको. बघू दे त्या सासूबाईंना काय बघायचं ते. लेकीला सांगते मी, बाप आहे तो तुझा, असाच आहे — की नको सांगू? मला काही सुचत नाही हो. पण हे नको, हे तसंच द्या इकडे, मी घेऊन —

अहो.

मी बोलत होते तेव्हाच कापलात?

नाही, नाही, तुमचं काय चुकलं. मीच तर सांगितलं होतं.

न्यायला कधी येऊ?