चौथा ग्लास

मुलीची वाट पाहत, स्वतःची बीअर तिथेच बनवणाऱ्या एका बारमध्ये बसलेल्या शिक्षिकाबाईंचं लक्ष पुस्तकात नव्हतं. शेजारच्या टेबलावर एका नवरा-बायकोपुढे लाकडी ट्रेमध्ये वेगवेगळ्या बीअरचे चार छोटे ग्लास मांडले होते, आणि नवऱ्याचा आवाज चढत चालला होता.

"फिकटपासून सुरू कर. गडद आधी प्यायलीस तर बाकीच्या पाण्यासारख्या लागतील."

"तू चव घ्यायला आलायस की भांडायला?"

"चौथी पी."

"करपट आहे थोडी. पण मस्त लागते."

"करपलेलीच आहे ती. मी इथे बार्ली भाजत होतो, तेवढ्यात बाबांना ऑपरेशनला नेतायत म्हणून फोन आला. बाबा दोघांचे, पळालो मी एकटा. परत आलो तर माल जाळला म्हणून दादाने सगळ्या कामगारांसमोर मला हाकललं."

"आणि बाहेर पाटीवर लिहिलंय, 'मालकांची खास कृती'. चोर तो चोर, वर शिरजोर."

"तेव्हा फेकून देतो म्हणाला. आता मुद्दाम करपवतो."

"हळू बोल. दादा इकडेच येतायत."

"येऊ दे."

"अरे, तू कधी आलास? चौथी घेतलीस का? लोक तिच्यासाठीच येतात."

"घेतली. छान करपलीय, दादा. या वेळी कुणाचं ऑपरेशन होतं?"