बोळातली भिंत

जबाब
पोलीस ठाणे, शिरूर. दि. २४/०४/२०२५

नाव सोजरबाई जालिंदर शेलार, वय ६१, धंदा घरी शेवयांची मशीन, राहणार नदीकडची गल्ली, शिरूर, जि. पुणे.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे धाकटे दीर बापूसाहेब शेलार, हल्ली राहणार वाघोली, यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. मी त्यांचे घर विकू देत नाही, गिऱ्हाइकांना भडकवते व घराचा भाव पाडते, असे त्यात लिहिले आहे. अर्ज मला वाचून दाखवला. त्याबद्दल समक्ष विचारले म्हणून सांगते की,

आमचे घर सासऱ्यांच्या वेळचे आहे. बैठे घर, पुढे स्लॅब, मागे पत्रा. विटा मातीत बसवलेल्या व वरून सिमेंटचा गिलावा. सासरे वारल्यावर घराचे मधोमध दोन भाग झाले. उजवा भाग बापूसाहेबांना व डावा आम्हाला. संडास व न्हाणी मागच्या परसात, त्यांच्या बाजूला होती. तिकडे जायला मधून बोळ होता व तो दोन्ही घरे वापरत होती. वाटणीच्या कागदात बोळ बापूसाहेबांच्या हिश्श्यात लिहिला गेला. सख्खा भाऊ आहे, म्हणून माझ्या पतींनी त्याला हरकत घेतली नाही.

त्यानंतर माझ्या पतींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दोघांनी धरले तर पाय टाकत. ते दवाखान्यातून घरी आले त्याच उन्हाळ्यात बापूसाहेबांनी बोळात भिंत घातली. पती खाटेवर पडून गवंड्याचे काम पाहत होते. मी बापूसाहेबांना विचारले, "भाऊजी, ह्यांना आता न्यायचं कुठनं?" ते म्हणाले, "वहिनी, वाटणी म्हंजी वाटणी. कागद बघा."

आमच्या भागात संडास बांधण्याइतकी जागा होती. पण ड्रेनेजची लाईन त्यांच्या परसातून जात होती. ती त्यांनी जोडू दिली नाही. त्यामुळे पतींना गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडासात न्यावे लागे. खुर्चीत बसवून मी व शेजारच्या साखरबाई नेत असू. वाटेतली माणसे उठून बाजूला होत. काही जण तोंड फिरवून उभे राहत, ते चांगल्या मनाने. माझे पती बाजार समितीत मापाडी होते. सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणत असे.

पुढे त्यांनी पाणी पिणे कमी केले. सकाळी भरून ठेवलेला तांब्या दिवेलागणीला तसाच असे. मूत्रपिंडे गेली, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, हे पाणी का पीत नव्हते. ते वारल्यानंतर गल्लीतून नवी लाईन आली. मी माझ्या भागात संडास बांधला.

बापूसाहेब त्यांचा मुलगा सत्यजीत याच्याकडे वाघोलीस राहायला गेले व त्यांनी आपला भाग विकायला काढला. कमी पगाराच्या माणसाला पहिले घर म्हणून परवडेल असा तो आहे. म्हणून बघायला येतात ती नवीन लग्न झालेली, नाहीतर कंपनीत कामाला असलेली माणसे. गिऱ्हाईक बापूसाहेब उन्हाळ्यातच आणतात. आत नवीन रंग दिला आहे. नदीकडच्या भिंतीला लोखंडी कपाट लावले आहे.

गिऱ्हाईक बाहेर आले की मी त्यांना माझ्याकडे चहाला बोलावते. कपाट सरकवून बघा, मागे ओलीने लोणा लागून विटांचा भुगा पडतो आहे, असे सांगते. मागच्या खोलीची चौकट वाळवीने पोकळ केली आहे, ती बोटाने दाबून बघा. स्लॅब मागच्या पत्र्याच्या सांध्याला गळतो, खरे बघायचे असेल तर पावसाळ्यात या. यातले एकही खोटे नाही. मग गिऱ्हाईक विचारते, बोळात ही भिंत कशाला? तेव्हा मी भिंतीबद्दल सांगते. ते ऐकल्यावर माणसे चहा संपवतात आणि परत त्या घरात जात नाहीत. असे बरेच जण गेले.

मला विचारण्यात आले की, हे मी सूड म्हणून करते काय. होय. गिऱ्हाईक गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले की मला बरे वाटते. त्या दिवशी मी पोटभर जेवते.

या उन्हाळ्यात संपत ज्ञानू कोकरे व त्याची पत्नी प्रगती हे घर बघायला आले. ते मूळचे दौंडकडचे, दोघे सणसवाडीला कंपनीत कामाला आहेत व तिथेच भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांनाही मी चहाला बोलावले आणि सगळे सांगितले. संपत चहा संपवून उठला. प्रगती मात्र उठली नाही. ती म्हणाली, "मावशी, आमच्या चाळीत सगळ्यांना मिळून एकच संडास हाय. मला दिवस गेल्यात. सकाळी बादली घिऊन रांगंत हुभं ऱ्हाते, पुढं परक्या मुलखातली पोरं असत्यात. ह्या घरात माज्यापुरतं दार हाय, म्हणून आले. तुमचं भांडण त्यांच्याशी हाय. आमचं घर कशाला मोडताय?"

मी म्हणाले, "मी खोटं सांगितलं का?"

ती म्हणाली, "न्हाई. पन माज्यासाठी बी न्हाई सांगितलं."

ती उठून दारापर्यंत गेल्यावर मी तिला हाक मारून परत बसवले. तिला सांगितले की, घर वाईट नाही, मालक वाईट आहे. पाया काळ्या दगडाचा आहे. तो भरताना माझे पती स्वतः पाणी मारत होते. लोणा लागलेली भिंत खालून फोडून नव्याने बांधता येते. चौकट बदलता येते. स्लॅबला वरून गळती बंद करायचे काम करून घ्यावे. मात्र हे सगळे बापूसाहेबांच्या तोंडावर, एकेका जागेला हात लावून दाखवावे आणि त्याप्रमाणे भाव करावा. हे तिच्या भल्याचे होते. बापूसाहेबांना आपल्या घराचा भुगा स्वतःच्या हाताने उचलून बघावा लागेल, हेही माझ्या मनात होते. दोन्ही लिहून घ्यावे.

काल सकाळी बापूसाहेब व सत्यजीत भाव ठरवायला आले. कोकरे पतीपत्नी आले होते. मी अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होते. पलीकडून कपाट सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला. नंतर प्रगती बापूसाहेबांना सांगत होती ते ऐकू आले. "आबा, हितं हात लावा. आता ह्या चौकटीला." ती मोठ्याने बोलत नव्हती.

थोड्या वेळाने बापूसाहेब माझ्या अंगणात आले. त्यांच्या हाताला विटांची माती होती. त्यांनी लाथ मारून खाट उलटी केली व माझ्या अंगावर हात उगारला. सत्यजीतने त्यांना मागून धरले. तेव्हा ते म्हणाले, "मेलेल्या मानसाच्या मुतापायी तू माजं घर विकू दिना व्हय?" ते मला नेहमी वहिनी म्हणतात. काल म्हणाले नाहीत.

साखरबाई दारात होत्या. समोरचे दुकानदार तांबे बाहेर आले होते. भिंतीची गोष्ट आजवर गल्लीत फक्त मी सांगत होते. काही जण म्हणत, बाई वाढवून सांगते. काल ती बापूसाहेबांनी स्वतः सांगितली. त्यांचे त्यांनाही समजले असावे, कारण ते सत्यजीतकडे बघू लागले.

संपत कोकरे म्हणाला, "घर आमी घेतो. आमी सांगू त्या भावानं. दुसरं कोन येतंय का बघा." मग त्याने व प्रगतीने मातीतल्या शेवया गोळा केल्या. खायच्या राहिल्या नव्हत्या, तरी केल्या.

मला हात लागला नाही. शेवयांची भरपाई मागत नाही.

बापूसाहेबांच्या अर्जावरून आज आम्हा सर्वांना ठाण्यात बोलावले. बाहेरच्या व्हरांड्यात सत्यजीतने कोकरे यांनी सांगितलेल्या किमतीला होकार दिला. बापूसाहेब बाकावर बसून होते. त्यांनी मान हलवली. त्यांची सही लागेल तेव्हा ते करतील, असे सत्यजीत म्हणाला.

त्यानंतर सत्यजीत माझ्याकडे आला. म्हणाला, "काकू, व्यवहार व्हायच्या आत बोळातली भिंत आम्ही पाडून देतो. तुम्ही फक्त लिहून द्या, का झालं-गेलं विसरले." मी त्याला म्हणाले, "आता वाट मोकळी करून त्या वाटंनं न्यायचं कुणाला?" तो निघून गेला. पोराचा त्यात दोष नाही, त्यावेळी तो कॉलेजात होता. पण मी तसे लिहून देणार नाही. भिंत ठेवायची की पाडायची, ते घर घेणारी बाई ठरवेल.

बापूसाहेबांनी माफी मागितली तर तडजोड करणार काय, असे विचारण्यात आले. त्यांनी मागितलेली नाही. मागितली तरी मी घेणार नाही. ज्यांच्याकडे मागायची ते पाणी न पिता गेले.

हवालदारांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात वर एका ठिकाणी "दिरासोबत किरकोळ घरगुती वाद" असे लिहिले होते. मी किरकोळ हा शब्द काढायला सांगितला. लिहायची तशी पद्धत असते, असे ते म्हणाले. मी पेन खाली ठेवला. त्यांनी शब्द खोडून बाजूला आपली सही केली. आता माझ्या सांगण्याप्रमाणे सगळे बरोबर आहे. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला होता. मला लिहिता येते.

जबाब देणार,
सही/- सोजरबाई जालिंदर शेलार