दुरुस्त केलेली बेरीज

आई : ‘तो कागद पोस्टानं नको, कुणाच्या हाती नको. तू जा आणि त्याच्या हातात दे.’ असंच म्हणाले गं. दवाखान्यात नळी काढल्यावर पहिलं वाक्य हे, आणि मग तीन दिवसांत दुसरं धड वाक्य नाही. मी ‘देईन’ म्हटलं.

मुलगी : बाबांना जाऊन महिना होत आला आणि मला हे आज सांगतेस? आता छापखान्यातून फोन येईल. आधी कॉलेजच्या स्मरणिकेतला माझा लेख ऐक, मग तुझा कागद बघू.

आई : वाच.

मुलगी : ‘चौतीस वर्षं इंजिनिअरिंग शिकवलेल्या आमच्या बाबांना दोनच वाटा ठाऊक होत्या, कॉलेजची आणि घरची. माझा पाळणा टांगण्याआधी दोरी किती भार पेलेल, याचं त्यांनी गणित मांडलं होतं.’

आई : तीन दिवस मांडत होते. तोवर तू माझ्या मांडीवरच झोपलीस.

मुलगी : ‘आईच्या हाताला प्लास्टर होतं, तेव्हा ते तिची वेणी घालायला शिकले.’

आई : वाकडी घालायचे. पण रोज घालायचे. ते राहू दे.

मुलगी : ‘पण सर म्हटलं की विद्यार्थ्यांना एकच गोष्ट आठवते. घरावर इतका जीव टाकणाऱ्या या माणसानं पोटच्या मुलाला चार मार्कांनी नापास केलं…’

आई : ते काढ.

मुलगी : काढू? लेखच त्याच्यावर उभा आहे! बावीस वर्षं प्रत्येक बॅचला हा किस्सा सांगतात. शुक्रवारी लॅबला बाबांचं नाव देताना प्रिन्सिपलसुद्धा हाच सांगणार.

आई : तुमचा किस्सा होतो. माझा मुलगा कॉलेज सोडून गेला, पंप दुरुस्त करत बसलाय आणि या घराचा उंबरा चढत नाही.

मुलगी : दादानं पुन्हा परीक्षा द्यायची होती. सगळे देतात. हट्ट त्याचा.

आई : हा घे तो कागद. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू त्यांच्याच खात्यात शिकवतेस, तुला कळेल.

मुलगी : ही… दादाची उत्तरपत्रिका? घरी कशी?

आई : रिटायर होताना कपाट रिकामं केलं, तेव्हा सापडली. सहा वर्षं झाली. तिसरं पान बघ.

मुलगी : तुळईचा प्रश्न. बारा मार्कांचा. उत्तर बरोबर आहे. पण बाबांनी लाल शाईत लिहिलंय, ‘ही रीत कुठून आणली?’ आणि शून्य.

आई : त्यांना वाटलं, शेजारच्याचं बघून उतरवलं. पेपरवर नाव नव्हतं, पण अक्षर ओळखलं होतं त्यांनी. तपासायला दुसऱ्याकडे द्यायला हवा होता. पण लोक म्हणतील, सरांचा म्हणून सुटला. त्या धाकानं स्वतःच बसले आणि जास्तच कडक झाले. तू सांग, रीत चुकली होती का?

(मुलगी उत्तरावर बोट ठेवून ओळी मोजते.)

मुलगी : चार ओळींत सोडवलंय त्यानं. बाबांच्या पद्धतीनं दोन पानं लागतात. आई, मी आता वर्गात हीच रीत शिकवते.

आई : तेव्हा नव्हती ती?

मुलगी : पुस्तकात होती. बाबांच्या नोट्समध्ये नव्हती. मला ब्याण्णव मिळाले होते, माहितेय? त्या नोट्स शब्दन् शब्द पाठ केल्या होत्या मी. आणि हे पेन्सिलीनं काय? शून्य खोडून बारा केलेत. वर छत्तीस खोडून अठ्ठेचाळीस. पास व्हायला चाळीस लागायचे. खाली सही, तारीख.

आई : एवढ्या मोठ्या माणसाला माफी मागता आली नाही. बेरीज तेवढी दुरुस्त करून ठेवली.

मुलगी : फोन वाजतोय. थांब. हॅलो?

छापखानेवाला : ताई, मशीन उभं आहे, माणसं चहा पिऊन पिऊन पिवळी पडली. छापू ना?

मुलगी : दहा मिनिटं द्या.

छापखानेवाला : दहा मिनिटं घड्याळाची की प्रोफेसरांची?

मुलगी : मी करते फोन… आई, ऐक. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांचं नाव तेवढं उरलंय आता. मला रोज त्याच खात्यात जाऊन बसायचंय. आणि दादाला कळून काय? बावीस वर्षं परत मिळणार आहेत?

आई : नाही मिळणार. पण परवा मला फोनवर म्हणाला, ‘आई, माझं डोकंच तेवढं नव्हतं.’

मुलगी : तुझ्याशी बोलतो तो?

आई : दर रविवारी. सहा वर्षांत किती रविवार झाले, तू हिशेबाला पक्की आहेस, मोज. एकदाही तोंड उघडलं नाही मी. आपलेच दात, आपलेच ओठ. रोज पहाटे उठून देवाचं नाव घेते, पण खरं बोलायचं एवढं एक व्रत झेपलं नाही.

मुलगी : बाबा का नाही गेले? सहा वर्षं होती की!

आई : मिक्सर पाठवायचे.

मुलगी : काय?

आई : शेजाऱ्यांच्या हाती मिक्सर दादाच्या दुकानात धाडायचे. आतली तार स्वतःच ओढून ठेवायचे. वर्षातून तीनदा. दुरुस्त होऊन आला की किती वेळ उलटापालटा करून बघत बसायचे. शेवटी आतून चिठ्ठी आली, ‘तार ओढू नका. शॉक बसेल.’

मुलगी : म्हणजे दादाला कळलं होतं.

आई : न कळायला काय झालं? ती चिठ्ठी यांनी पाकिटात जपून ठेवली. पाय मात्र उचलला नाही. दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या गं. साऱ्या घरासाठी झिजले, तुझ्या तापात रात्र रात्र बसले, माझी वेणी घातली. ते सगळं खरं. म्हणूनच जास्त राग येतो मला.

मुलगी : … हॅलो, मीच बोलतेय. छापू नका. एक परिच्छेद काढायचाय.

छापखानेवाला : काढा, पण पोराला नापास केल्याचा तेवढा ठेवा बरं का! आमच्याकडे सगळ्यांनी वाचला. तोच झकास जमलाय.

मुलगी : तोच काढायचाय.

छापखानेवाला : अहो, मग उरलं काय त्यात?

मुलगी : जे उरेल ते छापा… आई, साडी कशाला बदलतेस? थांब, मी गाडी काढते.

आई : नको. चालत जाईन. तुझ्यासमोर त्याला रडताही यायचं नाही.

मुलगी : आणि तुलाही माहीत होतं म्हणून चिडला तर? रविवारचा फोन बंद झाला तर?

आई : तर त्याला मी नाव ठेवणार नाही.

मुलगी : निदान काय बोलणार आहेस, ते तरी ठरव.

आई : आधी सहा वर्षांचं माझं सांगेन. मग यांचं. आत ये म्हणाला, तर बसून, नाहीतर दारातच.