न झालेल्या बैठकीचा अंगठा

पोडावरच्या माय-बापहो, गावातून, मारेगावातून आलेल्या काका-दादाहो, राम राम.

मले बोलाले सांगतलं तुमी.  काल घरी बसून तीन कागद लिवले. तिन्ही फाडले. आज कागद आनलाच नाई. कागदावर लिवलेलं चांगलं दिसते हो. त्याचंच तर भेव वाटते आता मले.

रामूबाबा गेले. या पोडाचे, या लहानशा वस्तीचे नाईक गेले. मागच्या सोमवारी सकाळी, खदानीच्या जुन्या खड्ड्यातून पानी आनता आनता मातीचा ढिगारा सरकला, अन् बाबा ढिगाऱ्यासंगं खाली गेले. खड्ड्याच्या काठावर भरलेली कॅन उभीच होती. तिच्यातलं पानी सांडलं नव्हतं.

जे बाहेरून आले त्यायच्यासाठी सांगतो. आपल्या पोडाची विहीर आदी चांगली होती. मी लहानपनी माह्या बाबूजीसंगं गावातून इकडच्या वावरात येवो, तं याच विहिरीचं पानी पेवो. खदान सरकत सरकत जवळ आली. सुरुंग लागाले लागले, भांडे वाजाले लागले, अन् विहिरीचं पानी खाली खाली गेलं. आता तळाशी दगड दिसते. टँकर एक दिवस येते, चार दिवस येत नाई. मंग लोक जातात खड्ड्यावर.

बाबाच्या घरवालीचे, सोमाआजीचे गुडघे गेले तवापासून बाबाच पानी भरत. गावातले लोक हासत. "काहो नाईक, बाईचं काम करून राह्यले?" बाबा म्हनत, "पानी काय बाई-मानूस पाहून वजन कमी करते का रे?" असे होते बाबा. रागावत नसत. एकच वाक्य बोलत, अन् समोरचा घरी जाऊन इचार करत बसे.

मी यवतमाळले कॉलेजात शिकलो. लिवतो-बिवतो. मले समजलं का, खदानीच्या बाजूच्या लहान वस्त्यायले लहान अनुदान देनारी एक संस्था हाये. लय मोठं नाई. पन विहिरीचा गाळ काढून ती खोल करता आली असती, वर एक टाकी बसली असती. मी फॉर्म घेऊन बाबाकडं आलतो. याच चावडीसमोर बसलतो आमी.

फॉर्मात पह्यलाच प्रश्न, तुमच्या समुदायाचं स्वप्न काय? मी बाबाले इचारलं. बाबा म्हने, "स्वप्न कायले पायजे? पानी पायजे."

मी हासलो. मंग सांगतलं, बाबा, पोडाची बैठक झाली असं लिवून द्या लागते, सगळ्यायच्या सह्या लागतात, अन् नाईक म्हनून तुमचा अंगठा.

बाबा म्हने, "मंग बसू ना. चार घरं कापूस येचाले दूर गेले. ते आले का बसू."

"बाबा, शुक्रवारी तारीख संपते."

"कोनाची?"

"फॉर्मची."

"मंग फॉर्मले सांग, थांब म्हना."

तुमाले मालूम हाये, पोडावरची रीत. जोपर्यंत सगळी घरं चावडीसमोर बसत नाईत, तोपर्यंत काहीच ठरत नाई. लग्न असो, पूजा असो, भांडन असो. एक घर नसलं तरी बाकीचे थांबतात. घाई म्हनजे कोनाच्या तरी पाठीमागं केलेली गोष्ट, असं बाबा मानत. मी हे पुस्तकात वाचलं होतं. लय आवडलं होतं मले. भाषनात सांगतलं होतं मी कॉलेजात, टाळ्या भेटल्या होत्या. अन् माह्यावर टाइम आला, तवा मीच ते मोडलं.

होय, मोडलं. आज सांगतो. सगळ्यायसमोर सांगतो.

मी वावरावावरात फिरलो. जो भेटला त्याची सही घेतली. म्हनलं, पान्यासाठी हाये, कर. त्यायनं केली. मंग घरी बसून बैठक लिवली. न झालेली बैठक. कोन काय बोललं, कोनी काय सुचवलं, बायायनं काय मांडलं, सगळं लिवलं. चांगलं लिवलं हो. वाचनाऱ्याच्या डोळ्यात पानी येईन असं. अन् खाली नाईकाच्या जाग्यावर बाबाचा अंगठा नव्हता. बाबानं देला नव्हता.

मी माहा अंगठा लावला.

मले वाटलं, कोन पाह्यते? मले वाटलं, पानी तं येईन ना. पानी आल्यावर कोन इचारते?

मंग संस्थेच्या एक ताई आल्या, खातरी कराले. चांगल्या होत्या. खाली सतरंजीवर बसल्या, चहा पेला. बाबाले म्हनल्या, "बाबा, बैठक छान झाली म्हणे. कधी झाली?"

बाबा म्हने, "नाई झाली. व्हाची हाये."

ताईनं कागद पुढं केला. "मग हा अंगठा तुमचाच ना?"

बाबानं कागद पाह्यला. मंग माह्याकडं पाह्यलं.  बैठकीचं खरं सांगतलं त्यायनं, अंगठ्याबद्दल मात्र तोंड उघडलं नाई. मले वाचवलं का मले सोडून देलं, मले आजपर्यंत समजलं नाई.

बैठक झाल्यावर पुन्हा पाठवा म्हनून ताईनं अर्ज परत देला. त्या गेल्यावर मी विहिरीपाशी उभा होतो. बाबा मागून आले. म्हने, "अंगठ्याले शाई लागली असन ना तुह्या? धुवाले पानी कुठून आनलं रे?"

बस. एवढंच. पुन्हा कधी तो विषय नाई. कोनाले सांगतलं नाई. आज पोडावरच्या लोकायले पह्यल्यांदाच समजून राह्यलं, मले दिसते तुमच्या तोंडावर.

कापूस संपला. चार घरं परत आली. तवा बाबानं खरी बैठक बसवली. दोन दिवस चालली. कोनी घाई केली नाई. सगळे हो म्हनले. बाबानं सोताहून अंगठा देला, म्हने, "घे, आता लिव." मी ते पाठवलं. उत्तर आलं, यंदाचं बंद झालं, पुढच्या वर्षी करा. अन् ताईनं खाली लिवलं होतं, आमचाही नाइलाज हाये. मी त्यायले काय बोलू? त्यायची काय चूक?

मले रोज वाटते, बाबा "झाली" म्हनले असते तं? एक शब्द. विहीर खोल झाली असती, बाबा त्या ढिगाऱ्यावर गेले नसते. मंग मले माहीच लाज वाटते. खोटं लिवलं मी, अन् खरं बोलल्याचा दोष बाबाले देऊन राह्यलो? पन खदानीचा ढिगारा तं मी टाकला नाई. विहीर मी आटवली नाई. मंग मी कोनाकडं जाऊ? कोनाच्या दारात उभं राहू? इथं मोठे लोक बसले हायेत, सरपंच हायेत, मास्तर हायेत. तुमी सांगा.

खदानीचे सायब परवा आले. हार घेऊन आले. ढिगाऱ्यापाशी एक पाटी लावून गेले, इकडं येऊ नये म्हनून. पान्याचं इचारलं तं म्हनले, वर कळवतो.

आज सकाळी मी सोमाआजीकडं गेलतो. माह्या अंगठ्याचं सगळं सांगतलं तिले. तिनं ऐकलं. मंग पान्याचा रिकामा गुंड उचलून कमरेवर घेतला. मी म्हनलं, आजी, थांब, मी आनतो. आजी म्हने, "आज आनशीन. उद्या?"

मी म्हनलं, उद्याही आनतो.

"परवा?"



आजी त्याच वाटेनं गेली. पाटीच्या बाजूनं, खाली पाहत पाहत. मी मागं मागं गेलो. दुसरं काय करू शकतो मी? पुढच्या वर्षीचा फॉर्म माह्या घरी येऊन पडला हाये. त्यात नाईकाचं नाव लिवाची जागा हाये. कोनाचं लिवू?

माय-बापहो,  दोन मिनिट कोनीच काही बोलू नका. हात नका जोडू, डोळे नका मिटू. फक्त आजीनं इथं आनून ठेवलेल्या गुंडाकडं पाहा. अर्धा हाये.

बाबा, राम राम.