आदर्श अर्ज

नाही, पण मी म्हणते, भिंतीला पाठसुद्धा टेकायची नाही? तुम्हाला सांगते, त्या दिवशी सकाळी सातपासून रांगेत उभी, पायांचे तुकडे पडलेले, जरा टेकले तर शिपाई खेकसला, "ओ ताई, सरळ उभ्या राहा! ऐतिहासिक इमारत आहे!"

असेल हो! समोरची पाटी वाचून वाचून पाठ झालीय मला. आधी इथं लोकरीचं गोदाम, मग साथीत बोटीवरून उतरलेल्यांना डांबायची जागा, मग तुरुंग, आणि आता परदेशातून येणाऱ्यांना परवाने देणारं कार्यालय... म्हणजे शंभर वर्षांत बदललं काय? पाटी! खिडक्यांचे गज तेच, फक्त रंगवलेत!

माझं काम एवढंच, आईला मायदेशातून इकडे माझ्याजवळ आणायचंय. बाबा गेल्यापासून एकटी आहे हो, गॅस बंद करायला विसरते. सात महिने एकेक कागद जमवला, क्रमाने लावला, खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या... चूक शोधून दाखवा! तिचा वैद्यकीय दाखला महिनाअखेरीपर्यंतच चालणार होता, म्हणून चौकशीला आले, तर खिडकीतल्या बाई म्हणतात, "अय्या, ती फाईल तुमची? इतकी नेटकी! साहेबांनी शताब्दीच्या प्रदर्शनात ठेवलीय. 'आदर्श अर्ज' म्हणून!"

धावले बघायला. एका बाजूला कैद्यांच्या बेड्या, दुसरीकडे साथीत मेलेल्यांची वही, आणि मधोमध काचेखाली... माझी आई! फोटोत, घाबरून कॅमेऱ्याकडे बघणारी.

तशीच परत खिडकीशी आले. "अहो, ती बाहेर काढा, शिक्का मारा!"

"किल्ली पुरातत्त्ववाल्यांकडे. प्रदर्शन वर्षभर आहे."

"आणि दाखला?"

"तो संपेल."

"मग नवा अर्ज करू?"

"जुना निकाली निघाल्याशिवाय नवा घेत नाही."

मग काय, सुटलेच मी! हक्क, कायदा, माणुसकी... सगळं काढलं! वाटलं, रांग पेटून उठेल. मागे वळून बघते तर काय, जो तो आपापल्या नेटक्या फाईलचे कोपरे चुरगळतोय! आणि शिपाई, "ताई, आवाज खाली! छताचे पोपडे पडतात. ऐतिहासिक इमारत आहे!"

आईला फोन केला, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "असू दे गं. मी नाही तर नाही, माझा फोटो तरी आत पोचला ना? अधूनमधून जाऊन भेटत जा त्याला."

जाते की. दर मंगळवारी. लांबूनच बघते... काचेला हात लावायचा नाही ना. ऐतिहासिक आहे!